बसचं रोप

“सर, हे पुस्तक समोर ठेवून तुम्ही स्वतः एकदा तरी प्रोग्रॅम करून बघितलाय का हो?”

प्रश्न विचारून झाला आणि मगच श्रद्धाच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत, माईक आपल्या हातात आहे आणि राजूरच्या त्या हॉलमधले तालुक्यातले झाडून सगळे मास्तर माना वळवून आपल्याकडंच बघतायत. शेजारी दैवशालानं ओढणी तोंडात कोंबली होती. निवेदिता खुर्चीखाली न पडलेला पेन शोधत होती. ह्या दोघींनीच तर पैज लावली होती. “तू काय विचारतीस गं! माईक हातात आला की ‘धन्यवाद सर’ म्हणून खाली बसशील.” पण ती जुनी श्रद्धा होती. हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानासुद्धा घसा खाकरणारी. ह्या वर्षी वक्तृत्वात तिचा तालुक्यात नंबर काय आला, तेव्हापासून माईक नुसता दिसला तरी तिचे हात शिवशिवायला लागायचे.

स्टेजवर जगन्नाथ सर होते. हसनाबादला तिच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणाले, “नाही.”

हॉल खदाखदा हसला. सर तेवढे हसले नाहीत.

“का बरं विचारलंस बाळा?” हा आवाज शरयू मॅडमचा. पुस्तकाच्या समितीच्या त्या प्रमुख. जालन्याहून यायच्या आणि कितीही भांडण पेटलेलं असलं तरी एकेकाला चहा पाजून ते विझवायच्या, अशी त्यांची ख्याती होती.

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. श्रद्धानं एका दमात सांगून टाकलं, “मॅडम, पहिल्या पाठात ‘वर्ग’ लिहिलंय. दुसऱ्यात ‘गण’. चौथ्यात ‘संवर्ग’. ह्या तीन चिजा हायेत का एकच हाय? एकच असंल तर तीन नावं कशाला? अन् तीन असतील तर बाकीच्या दोन कॉम्प्युटरवर कुठं सापडत्यात? मी सगळा स्क्रीन धुंडाळला!”

प्रश्न तसा साधाच होता. तालुक्यातल्या शाळांनी मिळून सातवीच्या पोरांसाठी मराठीत एक पुस्तक करायला घेतलं होतं आणि त्याचा कच्चा मसुदा शाळाशाळांत वाटला होता. कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे आणि प्रोग्रॅम तयार करायचा, हे शिकवणारं. त्यात एक निळा ठोकळा असतो. त्यात एकदाच सांगून ठेवायचं की बस म्हणजे काय, तिला रंग असतो, नंबर असतो, ती निघते, ती थांबते. आणि मग त्या निळ्यावरून पिवळे ठोकळे काढायचे. ही राजूरची बस, ही भोकरदनची बस. निळा एकच, पिवळे लागतील तेवढे. इंग्रजीत निळ्याला क्लास म्हणतात, पिवळ्याला ऑब्जेक्ट. मराठीत काय म्हणायचं, एवढंच ठरवायचं होतं. एवढंच!

“हिला समितीत घ्या,” शरयू मॅडम म्हणाल्या. “विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून.”

टाळ्या पडल्या. दैवशालानं तोंडातली ओढणी काढली आणि म्हणाली, “मेलीस तू आता.”

बैठक पुढच्या रविवारी शाळेच्या लायब्ररीत भरली, आणि दैवशाला किती बरोबर होती ते श्रद्धाला पहिल्या चहाच्या आतच कळलं. मोठी माणसं एखादा शब्द ठरवताना कशी वागतात, हे तिनं आधी कधी पाहिलंच नव्हतं.

रामप्रसाद सर भोकरदनहून आले होते, मराठीचे. चौथा पाठ त्यांचा. “संवर्ग आणि वस्तुरूप,” त्यांनी असं म्हटलं की जणू मागं सनई वाजतेय. “शब्दाला वजन पाहिजे. पोरांना कळायला हवं की आपण काहीतरी शिकतोय.”

“पण सर, कळायलाच हवं ना,” श्रद्धा म्हणाली.

“तेच म्हणतोय मी.”

“तुम्ही ते न्हाई म्हणून राह्यले सर!”

“श्रद्धा,” शरयू मॅडम हळूच म्हणाल्या आणि बिस्किटाची प्लेट पुढं सरकवली. मॅडमचा स्वतःचा शब्द पहिल्या पाठात होता, ‘वर्ग’ आणि ‘वस्तू’. “चांगले रुळलेले शब्द आहेत,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, ‘वर्ग उघडा’ असं वाचलं की सातवीची पोरं दार उघडतील.”

जगन्नाथ सर आता पुढं सरकले. त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. “मी माझा ‘गण’ काढून टाकला. निळ्याला ‘प्रकार’, पिवळ्याला ‘नग’.”

“नग?” रामप्रसाद सर ताठ बसले. “आपण काय पाईपं विकून राह्यलो का जगन्नाथराव?”

सगळे हसले. श्रद्धासुद्धा हसली, जरा जास्तच हसली, कारण तिच्या पोटात तिचा स्वतःचा शब्द उड्या मारत होता. तिसरा पाठ लिहिणारे सर बदली होऊन गेल्ते आणि तो पाठ मोकळा पडला होता. ती उभी राहिली. बसूनही बोलता आलं असतं, पण उभी राहिली.

“माझ्या पप्पांचा जाळी लावलेला शेडनेट हाय. कंपनीसाठी मिरचीचं बियाणं करत्यात. तिथं वाण एकच असतो. उंची केवढी, मिरची कशी, तिखट किती, सगळं त्या वाणाचं ठरलेलं. पण रोपं बघा! ओळीच्या ओळी. एकाला पाणी कमी पडलं, एकावर कीड पडली, एक जोरात वाढलं. एका रोपाला काही झालं म्हणून वाण बदलत न्हाई. निळा ठोकळा म्हणजे वाण, पिवळा म्हणजे रोप!”

कुणी हसलं नाही. रामप्रसाद सरांनी चक्क टेबलावर थाप मारली. “वा! शेतकऱ्याची लेक शोभतीस!” शरयू मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की श्रद्धाला वाटलं, आता छत जरा वर सरकवायला लागतंय. जगन्नाथ सर म्हणाले, “चांगलं सुचलंय.” मग थोडं थांबून म्हणाले, “पोरांवर चालवून बघ.”

ते तिनं ऐकलंच नाही.

आता खरी गंमत पुढंच होती. वाण-रोप सगळ्यांना आवडलं ना? मग सगळ्या पाठांत तेच येणार, असं श्रद्धा धरून चालली. शरयू मॅडमनी वही मिटली आणि निर्णय सांगितला. पहिल्या पाठात वर्ग-वस्तू राहील. दुसऱ्यात प्रकार-नग. तिसरा पाठ श्रद्धानं वाण-रोप घेऊन लिहावा. चौथ्यात संवर्ग-वस्तुरूप. ज्याचा शब्द त्याचा पाठ, आणि पाठावर त्याचं नाव.

श्रद्धाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “मॅडम, पण मंग माझा प्रश्न तर तिथंच राह्यला ना!”

“अगं, कुणाला दुखवून काम होत नसतं बाळा. माझ्या भावाच्या लग्नपत्रिकेत एका चुलत्याचं नाव राह्यलं होतं. भावाची मुलं कॉलेजात गेली, काका अजून आमच्या दारात आले नाहीत. पुस्तक पण आपलं घरचं कार्यच आहे.” आणि मग लोण्यासारख्या आवाजात, “आणि तुझा पण शब्द घेतला ना आपण?”

घेतला होता. खरंच घेतला होता. ‘पाठ तिसरा. लेखन : कु. श्रद्धा कल्याण पुंगळे.’ पुस्तकात! छापून! श्रद्धानं तोंड उघडलं, आणि बिस्कीट खाल्लं.

घरी बातमी तिच्या आधीच पोचली होती. पप्पा, म्हणजे कल्याणराव, एरवी मिरचीशिवाय कशावर बोलायचे नाहीत. ते आता चहाच्या टपरीवर ‘आमच्या श्रद्धीचं पुस्तक’ म्हणायला लागले. एका पाठाचं पुस्तक कधी झालं ते तिला कळलं नाही. मम्मीनं वाटूरला तिच्या भावाला फोन केला, आणि मामा म्हणाला, प्रकाशनाला मी गाडी करूनच येतो. मम्मीनं नवा ड्रेस शिवायला टाकला. “गळ्याला जरीची पट्टी लावायला सांगितली,” ती म्हणाली. “फोटोत उठून दिसंल.”

श्रद्धानं तिसरा पाठ झोकात लिहिला. मग तिला वाटलं, जरा सातवीवाल्यांना दाखवून येऊ. तपासायला नाही हां. दाखवायला. चारही पाठांच्या प्रिंट काढलेल्या प्रती घेऊन ती शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये गेली. दैवशालाची धाकटी बहीण द्वारका आणि तिच्या तीन-चार मैत्रिणी एका मशीनला चिकटून बसल्या होत्या.

“हे घ्या. तिसरा पाठ. वाचा अन् करा. मी मधी बिलकुल बोलणार न्हाई.”

द्वारकानं मोठ्यानं वाचलं, “बस ह्या वाणाचं एक रोप स्क्रीनवर ठेवा.”

सगळ्या स्क्रीनवर वाकल्या. मग एकीनं चित्रांचा कप्पा उघडला. त्यात झाडं होती, फुलं होती. “हे घे, सूर्यफूल हाय.”

“बसचं रोप म्हनलंय,” दुसरी म्हणाली.

“बसचं रोप कसं असतं?”

“बस लहान असती तवाचं.”

श्रद्धानं दात आवळले. बोलणार नाही म्हटलंय ना, मग नाही बोलायचं.

द्वारकानं पुढं वाचलं, “आता रोपाचा नंबर आणि रंग बदला.” त्यांनी सूर्यफुलाचा रंग लाल केला. “रोपाला निघण्याची आज्ञा द्या.” त्यांनी दिली. लाल सूर्यफूल स्क्रीनच्या ह्या टोकापासून त्या टोकाला डुलत डुलत गेलं आणि बस जिथल्या तिथं उभी राहिली. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

“अगं बाई!” श्रद्धाचा बांध फुटला. “रोप म्हंजी रोप न्हाई गं! रोप म्हंजी त्या बसमधली एक बस!”

“मंग तसं लिवायचं की ताई,” द्वारका एकदम शांतपणे म्हणाली.

“लिहिलंय! वरती सगळं समजावून सांगितलंय, शेडनेटचं, मिरचीचं…”

“ते वाचलं आम्ही. ते मिरचीचं हाय ना? इथं तर बस हाय.”

श्रद्धाला कॉम्प्युटरचा माऊस खिडकीतून बाहेर फेकावासा वाटला. तिनं समजावून सांगितलं. पोरींनी लगेच बरोबर केलं. मग तिनं त्यांना पुढचा सराव दिला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. परत आली तर ह्या वेळी गुलाब धावत होता. म्हणजे ती शेजारी उभी असेल तरच पाठ चालत होता! तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत प्रत्येक मशीनशेजारी ती जाऊन उभी राहणार होती का?

ती चिडून प्रती गोळा करायला लागली, तर दुसरा पाठ द्वारकाच्या हातात. तिनं तो तोवर सुरूही केला होता. “बस ह्या प्रकाराचे दोन नग तयार करा,” ती पुटपुटली, आणि खटाखट दोन पिवळे ठोकळे काढले. एकाला राजूर लिहिलं, एकाला भोकरदन. बसा निघाल्या.

“तुला कसं कळलं?”

“दोन नग म्हनलंय ना,” द्वारका म्हणाली. मग हळूच, “आमच्या वर्गात एक जण लई नग हाय, त्याचं नाव देऊ का एकीला?” आणि सगळ्या खिदळल्या.

खिदळत खिदळतच त्या चौथ्या पाठावर गेल्या आणि तिथं गाडी थांबली. “वस्तुरूपाचा संवर्ग निवडा. ताई, आता हे काय नवीन? नग कुठं गेले?”

“तेच ते,” श्रद्धा म्हणाली. “वस्तुरूप म्हंजी नग.”

“मंग नाव का बदललं?”

काय सांगणार होती ती? कारण मॅडमच्या भावाच्या लग्नात एक काका रुसले होते?

जगन्नाथ सर स्टाफरूमच्या पायरीवर डबा खात होते. श्रद्धा तरातरा गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “सर, तुमचा पाठ चालतो.”

“हो. तुझा?”

“माझ्यात सूर्यफूल पळतंय.”

सरांनी भाकरीचा घास खाली ठेवला. हसले नाहीत, याचं तिला बरं वाटलं. “माझं पण झाल्तं तसं. तू हॉलमध्ये विचारलंस ना, त्या संध्याकाळी घरी जाऊन पहिल्यांदा पुस्तक पुढं घेऊन बसलो. मुलीला करायला लावलं. ‘गण’ म्हटल्यावर ती म्हणाली, पप्पा, हे शंकराचे गण का? मग आठवलं, माझ्या भावाचं पाईपचं दुकान आहे. तिथं दिवसभर दोनच गोष्टी विचारतात, कोणता प्रकार अन् किती नग. पोरं दुकानात जातातच की.”

“मंग रामप्रसाद सरांनी पाईपं काढली तेव्हा तुम्ही भांडला का न्हाईत?”

“काय म्हणून भांडणार? माझाच शब्द आहे. जो तो आपापला शब्द छातीशी धरून बसलाय, त्यात मी पण एक. कोण ऐकणार?”

श्रद्धाला सरांचा भयंकर राग आला. एवढं बरोबर असून माणूस डबा कसा खाऊ शकतो? तिनं तिथल्या तिथं शरयू मॅडमना फोन लावला आणि सूर्यफूल, गुलाब, चौथ्या पाठावर थांबलेली गाडी, सगळं भडाभडा सांगितलं. एकच जोडी ठेवा, सगळ्या पाठांत, एवढंच तिचं म्हणणं.

मॅडमनी ऐकून घेतलं. “तुझी तळमळ कळते गं बाळा. थांब, बैठकीच्या कामाला रामप्रसाद सर इथंच आलेत, तू त्यांच्याशीच बोल. उद्या शेवटची बैठक आहेच, मग छापायला जाईल.”

फोनवर रामप्रसाद सर आले. “काय म्हणते आमची लेखिका?”

“सर, पुस्तकभर एकच शब्द पाहिजे.”

“अस्सं!” ते मोठ्यानं हसले. “एका पाठानं भागलं न्हाई वाटतं? आता सगळ्या पुस्तकात वाण अन् रोप लावायचंय तुला? जल्दी मोठी झालीस!”

“न्हाई सर! माझा न्हाई म्हणत मी…”

“सगळे असंच म्हणत्यात. मी पण असंच म्हणतो.” आणि हसतच त्यांनी फोन ठेवला.

श्रद्धानं फोन दप्तरात कोंबला. तिला रडू आलं नाही, ओरडावंसं वाटलं. ती कुणाच्या शब्दासाठी भांडत होती हे सरांनी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारायची गरजच नव्हती त्यांना. तिसऱ्या पाठावर तिचं नाव होतं ना! जोवर ते नाव तिथं होतं तोवर ती काहीही बोलली तरी ते तिच्या नावाचंच बोलणं होणार होतं. आणि जगन्नाथ सर बोलले तरी तेच होणार होतं, कारण बरोबर शब्द नेमका त्यांचाच निघाला होता. त्यांनी तो मागं घेतला तर उरणार काय? सूर्यफूल?

घरी जाताना दैवशाला आणि निवेदिता दोन्ही बाजूंनी चालत होत्या. “जाऊ दे ना,” निवेदिता म्हणाली. “नाव छापून येऊन राह्यलंय, मजा कर. सातवीवाल्या करतील काहीतरी.”

“द्वारकी तर म्हणून राह्यली, आमच्यातल्या काहींनी कॉम्प्युटरचा तासच सोडून दुसरा घेतला,” दैवशाला म्हणाली. “आपल्याला न्हाई जमत म्हणत्यात.”

श्रद्धा रस्त्यात थांबली. “त्यांना जमत न्हाई? त्यांना? दोन नग म्हटल्यावर दोन बसा काढल्या त्या पोरींनी!”

मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला तेव्हा कुठं दैवशालानं तिला ओढून बाजूला घेतलं.

घरात मम्मी नव्या ड्रेसची हातशिलाई करत बसली होती. शिंप्यानं पट्टी वाकडी लावल्ती म्हणे. पप्पा नुकतेच शेडनेटमधून आले होते, हाताला अजून मिरचीच्या फुलांचे पराग लागलेले. ते फोनवर मामाला सांगत होते, “हां हां, गाडी बराबर शाळेच्या दारात आणा. पेढे मी बघतो.”

“पप्पा, फोन ठेवा.”

“अगं मामा हाय तुझा.”

“मंग त्याला पण ऐकू द्या. मम्मी, तू पण सुई ठेव.”

मम्मीनं सुई ठेवली नाही, पण हात थांबवला. “काय झालं? तुझा पाठ काढला का त्यांनी?”

“न्हाई. कुणी काढत न्हाई म्हणून तर डोकं फुटायची वेळ आली!” श्रद्धानं दप्तर खाली ठेवलं. माईक नव्हता, स्टेज नव्हतं. तिनं घसा खाकरला नाही. “ऐका. उद्याच्या बैठकीत मी वाण-रोप मागं घेणार हाय. माझा पाठ मी आज बसून परत लिहिणार, त्यात प्रकार अन् नग घालणार, जगन्नाथ सरांचे. ज्याचा शब्द त्याचं नाव असा नियम हाय, म्हंजी त्या पाठावर माझं नाव येणार न्हाई. मंग मी रामप्रसाद सरांच्या पुढं बसणार अन् त्यांना म्हणणार, माझा गेला, आता तुमचा काढा. मॅडमला पण तेच म्हणणार. त्या कितीही बिस्किटं देऊ देत.”

पप्पांच्या हातातल्या फोनमधून मामा “काय म्हणती? काय म्हणती ती?” करत होता.

“मामाला सांगा,” श्रद्धा म्हणाली, “यायचं असंल तर खुशाल या. पण माझं नाव बघायला येऊ नका. ते नसणार.”